एकशे चार गोष्टींची वाटणी

संयोगिताला ह्यातून काय मिळायचं होतं ते आधी मांडून घेऊ, म्हणजे पुढं कुणी कुणाला दोष देताना सोपं जाईल.

कागदावर मिळायची होती एक जागा. साताऱ्याच्या एका जपानी भाषा केंद्राकडं सांगली आणि सातारा अशा दोन जिल्ह्यांत मिळून एकच जागा आली होती. निवडलेल्याचं पुढचं शिक्षण फुकट, विमानाचं तिकीट फुकट, आणि जपानातल्या एका वृद्धनिवासात तीन वर्षांची नोकरी. कागदावर नसलेलं मिळणं याहून मोठं होतं. स्वतःची एक खोली, आणि तिची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये. सांगलीच्या दवाखान्यात नर्सची नोकरी करून संयोगिता रोज संध्याकाळी कुंडलच्या ज्या घरात परत यायची, तिथं विहिरीवरचा पंप चालू करायचा तरी थोरल्या घराला विचारावं लागे आणि केस कापायचे तरी. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती. आई, अंजना, ही आता धाकट्या भावाची विधवा. थोरले भाऊ आकाराम, ज्यांना घर आणि गाव तात्या म्हणे, ते लष्करातून हवालदार होऊन परतलेले. बंदूक सरकारनं ठेवून घेतली होती, हुकूम तेवढे त्यांनी बरोबर आणले होते.

तात्यांचा मुलगा राजवर्धन. संयोगितापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शिरवळच्या कारखान्यातलं कंत्राट संपल्यापासून घरीच होता, आणि चौकात जो भेटेल तो त्याला विचारायचा, "काय चाललंय सध्या?" त्याला त्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं. जपान हे उत्तर म्हणून चांगलं दिसतं. शिवाय ते लांब आहे, तपासायला कोण जातंय.

केंद्राची अट सोपी होती. एक ॲप होतं, त्यात शेकड्यांनी जपानी गोष्टी. गोष्ट समोर वाचायची, त्याच वेळी कानात कुणीतरी ती वाचून दाखवायचं. अडलेल्या शब्दावर बोट ठेवलं की अर्थ यायचा. शब्द कळला की 'माहीत' म्हणून खूण करायची, आणि गोष्ट शेवटपर्यंत गेली की तिच्यावर हिरवी टिकली. दहा महिन्यांत निदान पन्नास टिकल्या. मग साताऱ्याला परीक्षा. परीक्षक तुमच्या यादीतल्या कुठल्याही गोष्टीचं नाव घेणार, तुम्ही ती जपानीत सांगायची.

संयोगिता म्हणाली होती, "माझी वर्गणी मी भरते." तात्या म्हणाले, "एका घरात दोन मीटर कशाला?" त्यांनी आपल्या कार्डावरून वर्षाची वर्गणी भरली, खातं स्वतःच्या नावावर काढलं, नंबरही स्वतःचा दिला. विहीर तशीच होती, ट्रॅक्टर तसाच होता, जपानीनं वेगळं राहायचं कारण नव्हतं. पाळ्याही विहिरीच्याच लावल्या. सोमवार ते गुरुवार थोरलं घर, शुक्रवार ते रविवार धाकटं. एका वेळी एकाच मोबाईलवर गोष्ट चालायची, दुसऱ्यानं उघडलं की पहिल्याची बंद.

संयोगिता ऐकायची एसटीत. कुंडलहून सांगलीला जाता-येता. पहिले दोन महिने कानात कुणी खडे वाजवतंय असं वाटायचं. मग एका शनिवारी पलूसच्या पुढं, चुकून दुसऱ्याची छत्री नेलेला गोष्टीतला एक कारकून दुकानदाराची माफी मागत होता, आणि बोट शब्दाकडं जायच्या आधीच तिला कळलं की तो माफी मागतोय. ती खिडकीबाहेर बघून एकटीच हसली. शेजारच्या बाईनं पिशवी जवळ ओढून घेतली. त्या दिवसापासून तिनं वही घातली. प्रत्येक गोष्टीचं नाव, खाली देवनागरीत सहा-सात जपानी वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याखाली लाल पेनानं मराठी.

राजवर्धनची पद्धत वेगळी होती. तो गोष्ट दुप्पट वेगानं लावायचा, मोबाईल ट्रॅक्टरच्या हत्यारांच्या पेटीत टाकायचा आणि चौकात जाऊन बसायचा. गोष्ट पेटीत पान्यांना ऐकवली जायची. परत आला की सगळे शब्द एका दमात 'माहीत' करून टाकायचा. टिकली पडायची. पान्यांना किती जपानी आलं ते कळायला मार्ग नाही, पण शुक्रवारी संयोगितानं ॲप उघडलं की जे शब्द तिनं जन्मात पाहिले नव्हते ते तिला माहीत झालेले असायचे, आणि ॲप तिला अर्थ दाखवायचं बंद झालेलं असायचं.

"न वाचता शब्दांवर खुणा करू नको," तिनं सांगून पाहिलं.

"माझ्या पाळीत मी काय बी करीन. तुझ्या पाळीत म्या कवा बघाय आलोय?"

"अरे, ते शब्द मलाही लागतात."

"मग शिक की. तू हुशार हायस म्हणं. पोलीस पाटलाच्या बायकोनं सांगितलं तात्याला, तुमची संयू जपानी बोलती. आमची संयू! बोलून बोलून बोलती कुणासंगं? बसच्या खिडकीसंगं?"

पूर्वी ती त्याला दादा म्हणायची. हे दादा कधी गळलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं, पण सहाव्या महिन्यात ते नव्हतं. सातव्या महिन्यात तो तिच्या पाळीत घुसायला लागला. शनिवारी ती गोष्टीच्या मध्यावर असायची आणि कानातला आवाज गप्प व्हायचा. दुसऱ्याच्या पाळीत पाटाचं दार फोडून पाणी आपल्या वाफ्यात घ्यावं, तसं. गावात त्याच्यावरून डोकी फुटली आहेत. इथं डोकं फुटण्यासारखं काही दिसत नव्हतं, म्हणून तक्रारही दिसत नव्हती.

"तात्या, ह्यो माझ्या पाळीत दार फोडतोय," तिनं अंगणात उभं राहून सांगितलं.

तात्या दाढी करत होते. "किती मिनिटं?"

"वीस."

"ल्येका, वीस मिनिटं तिला सोमवारी दे," ते आरशातल्या राजवर्धनला म्हणाले, आणि डिसिप्लिन राखल्याच्या समाधानात उरलेला गाल पुरा केला. सोमवारी ती मिनिटं आली नाहीत.

आठव्या महिन्याच्या शेवटी खात्यावर एकशे चार टिकल्या झाल्या. एकसष्ट संयोगिताच्या, त्रेचाळीस राजवर्धनच्या, म्हणजे पान्यांच्या. आणि साताऱ्याहून निरोप आला. एका खात्यावर एकच उमेदवार. पंधरा तारखेच्या आत गोष्टींची यादी कळवा, त्यानंतर यादी बदलणार नाही. परीक्षा पुढं पाच आठवड्यांनी.

तात्यांनी निरोप दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "राजवर्धन जाईल. खातं थोरल्या घरचं हाय."

अंजना चुलीपाशी होती. तिनं पदर सारखा केला आणि काही बोलली नाही. बोलली असती तर ते ऐकलं गेलं नसतं, ही तिची पंचवीस वर्षांची माहिती होती.

संयोगिता बोलली. "जाऊ दे त्याला. पण माझ्या एकसष्ट मी मोडून जाणार."

"मोडून म्हंजे?"

तिनं मोबाईल त्यांच्या समोर धरला. एका गोष्टीवर बोट दाबून ठेवलं. खाली पाटी आली, ही गोष्ट पुन्हा न वाचलेली करायची का? तिनं हो केलं. टिकली गेली. एकशे तीन.

"ह्या अशा साठ घालवायला मला एसटीचा एक फेरा लागंल. मग त्रेचाळीस राहतील. पन्नास लागतात."

राजवर्धन उठून उभा राहिला. "तात्या, हिच्या हातातला मोबाईल घ्या."

"मोबाईल माझा हाय. माझ्या पगाराचा."

तात्यांनी हयातीत पुष्कळ धमक्या ऐकल्या होत्या, पण भरलेली विहीर बुजवून जाईन अशी धमकी देणारी पोर पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी चष्मा परत घातला. मग राजवर्धनला म्हणाले, "केरबाला बोलीव."

केरबा म्हणजे गावातला वाटण्या करणारा माणूस. त्याच्याकडं कुठलाही हुद्दा नव्हता. नुसती दोरी होती आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या सारख्याच खायची ताकद होती. भावाभावांत कितीही फाटलेलं असो, केरबानं घातलेला बांध कुणी उकरायचा नाही असा रिवाज होता. तो आला, चहा घेतला, मोबाईल हातात धरून वरखाली केला.

"इतकी वरीसं रानाला बांध घातलं. गोष्टीला कुठनं घालू?"

"ॲपमधी सोय हाय," राजवर्धन म्हणाला. "एका खात्याची दोन हुत्यात. पुरी झालेली गोष्ट कुठल्या बी एकाच खात्यात जाती."

"मग सोपं हाय की. जिनं वाचली तिला, ज्यानं वाचली त्याला."

"तसं कसं?" तात्या म्हणाले. "म्हंजे पोराला त्रेचाळीसच. पन्नास भरत न्हाईत. आणि राबलं कोण हे वाटणीत कवा बघितलंय आपण? धाकट्यानं जास्त खुरपलं म्हणून धाकट्याला जास्त रान दिलंय का कुठं?"

केरबानं मान हलवली. हे खरं होतं. वाटणीत राबणं धरत नाहीत. राबणं धरलं असतं तर अर्ध्या गावाचे सातबारे बायकांच्या नावावर असते.

"एक तिनं मोडली ती परत उभी कर पोरी," केरबा म्हणाला. संयोगितानं मोडलेली गोष्ट पुन्हा शेवटपर्यंत चालवली. सगळे अंगणात बसून अकरा मिनिटं जपानी ऐकत राहिले. तात्यांनी मध्येच विचारलं, "काय म्हणतीय ती?" आणि संयोगिता म्हणाली, "टोफूवाला कर्णा वाजवतोय." "टोफू काय?" "पनीर समजा." तात्या पनीर समजले.

मग केरबानं आपली रीत लावली. गोष्टी ओळीनं, दोन-दोनच्या जोडीत. प्रत्येक जोडीतली एक थोरल्या घराला, एक धाकट्या. चांगलं रान आणि मुरमाड रान दोघांनाही मिळावं म्हणून अशीच काढतात. प्रत्येक जोडीत पहिली निवड थोरल्याची.

राजवर्धन बिनकामाचा होता, बिनडोक नव्हता. त्यानं जोडीजोडीत बघितलं. ज्या गोष्टीत ठिकठिकाणी शब्दांवर खुणा होत्या ती संयोगितानं वाचलेली. ती तिच्या वहीत असणार. ती नांगरलेली. ती तो उचलायचा आणि आपली, एका दमात 'माहीत' केलेली, पडीक तिच्या अंगावर टाकायचा. बावन्न जोड्या झाल्या. त्याच्या वाट्याला तिच्या सदतीस गेल्या. तिच्या वाट्याला त्याच्या अठ्ठावीस आल्या, ज्या पान्यांशिवाय कुणी ऐकल्या नव्हत्या आणि ज्या, सगळे शब्द माहीत धरून ॲपनं त्याला पुढं पुढं ढकलल्यामुळं, सगळ्यांत अवघड होत्या.

"बरोबर झालं का?" केरबानं विचारलं.

"झालं," तात्या म्हणाले.

संयोगितानं कागदावर सही केली. जागेसाठी दोन उमेदवार एकाच घरातले झाले होते. पाच आठवड्यांत अठ्ठावीस अवघड गोष्टी, हे तिचं काम. राजवर्धनचं एकच, वही.

तो दुसऱ्याच दिवशी दारात आला. "संयू, वही दे."

"कसली?"

"लाडात येऊ नको. ज्या गोष्टी माझ्या झाल्या त्येंची पानं बी माझी. रान दिलं तर रानातली झाडं कुणाची असत्यात?"

"केरबाला विचारून ये. कागदावर वही न्हाई."

"तुला काय वाटतं, तू जाशील? पंचवीस मैलांवर सांगलीला जाताना तुझी आई जीव मुठीत धरून बसती. तिकडं म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवाय जाणार हायस तू."

"तू पण तेच धुवाय चाललायस. जागा एकच हाय."

तो गेला. पण संयोगिताला घर माहीत होतं. तो आता तिच्याकडं येणार नव्हता. तो आईकडं जाणार होता. काकी म्हणून गोड बोलणार होता, आणि त्या आधी शुक्रवारी पंपाचा फ्यूज जाणार होता.

शुक्रवारी फ्यूज गेला. अंजनाच्या वाट्याचा लावणीचा ऊस तीन दिवस तहानला.

त्या आठवड्यात संयोगितानं दवाखान्यात दुपारच्या सुट्टीत नवी वही आणली आणि जुनी उतरवून काढली. नीट, सुवाच्य, गोष्टींच्या क्रमानं. जपानी वाक्य एकही चुकवलं नाही. दोनच गोष्टी बदलल्या. लाल मराठी ओळी गाळल्या. आणि नावं एका घरानं खाली सरकवली. 'छत्री' या नावाखाली शेवटच्या बसची गोष्ट, 'शेवटची बस' खाली टोफूवाला, 'टोफूवाला' खाली डोंगरावरचं पोस्ट ऑफिस, असं सदतीस गोष्टींत. तलाठ्याकडून गट नंबर एकानं सरकले की कागदावर प्रत्येकाकडं जमीन असते, फक्त दुसऱ्याची. ह्या घरानं आजोबांच्या वेळी असा एक घोटाळा अकरा वर्षं निस्तरला होता. त्यामुळं ही युक्ती तिला शोधावी लागली नाही.

यात एक भोक होतं, आणि ते तिनं मुद्दाम ठेवलं होतं. ॲपमध्ये प्रत्येक गोष्टीवर चित्र होतं. छत्रीच्या गोष्टीवर छत्री, बसच्या गोष्टीवर बस. राजवर्धननं सदतिसातली एक जरी गोष्ट उघडून, वही समोर धरून ऐकली असती, तरी पहिल्या मिनिटाला चोरी सापडली असती. एक गोष्ट. संयोगितानं मनाशी धरलं की तो तेवढंही करणार नाही. आणि त्यानं तेवढंही केलं नाही तर तो पडला त्याचा दोष माझ्याकडं किती, याचा हिशेब तिनं पुढच्या तारखेवर टाकला.

जुनी वही पर्समध्ये गेली. नवी तिनं घरी आणली, आईच्या देखत पिठाच्या डब्यामागं ठेवली आणि म्हणाली, "आई, ही कुणाला द्यायची न्हाई."

"बरं."

जेवताना पुन्हा म्हणाली. सकाळी निघताना तिसऱ्यांदा म्हणाली, "राजानं मागितली तरी न्हाई. पाणी बंद केलं तरी न्हाई." एवढं बजावलेलं आई किती दिवस पाळेल, याचाही तिचा अंदाज होता. चार दिवस.

अंजनानं पाच दिवस पाळलं. सहाव्या दिवशी राजवर्धन उंबऱ्यावर बसला, पाण्याचा तांब्या मागून घेतला आणि म्हणाला, "काकी, मी काय परका हाय व्हय? झेरॉक्स मारतो आणि परत देतो. फ्यूजचं आजच बघतो." अंजनानं बाहेर सुकत चाललेला ऊस बघितला. तिला वाटलं, पोरीला पण घरातून जायचं तर शिव्या घेऊन कशाला जावं. तिनं पीठ लागलेल्या हातानं वही काढून दिली. त्यानं झेरॉक्स मारली, वही परत आणून दिली, आणि पंपही चालू झाला. संयोगितानं रात्री डब्यामागं हात घातला. वही एक बोट उजवीकडं सरकलेली होती. तिनं ती परत डावीकडं सरकवली.

उरलेले चार आठवडे ती अठ्ठावीस गोष्टींशी झगडली. आता खातं तिचं एकटीचं होतं, पाळी नव्हती. जाताना एक, येताना तीच, दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच. एका गोष्टीतला निवृत्त म्हातारा रोज वाचनालयात जाऊन तेच पुस्तक मागायचा. का, ते तिला नऊ वेळा ऐकून कळलं नाही, दहाव्या वेळी कळलं. राजवर्धन अंगणात येरझाऱ्या घालत झेरॉक्स पाठ करायचा. मोठ्यानं, न अडखळता. तात्या खाटेवरून ऐकायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "बघा. परेडसारखं बोलतोय."

संयोगिता ऐकायची. छत्रीचं नाव घेऊन तो ड्रायव्हरला थांबवत होता.

परीक्षेला दोघं वेगवेगळ्या एसटीनं साताऱ्याला गेले. नऊ उमेदवार होते. सगळ्यांना एकाच खोलीत बसवलं, एकेकानं पुढं जायचं. परीक्षक नीलिमा मॅडम, सात वर्षं जपानात राहून आलेल्या, सावकाश बोलणाऱ्या. समोर प्रत्येकाचा अर्ज आणि यादी.

राजवर्धन चौथा. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर तयारी.

"छत्री," मॅडमनी जपानीत नाव घेतलं.

तो सुरू झाला. स्वच्छ, ठसठशीत, एका दमात. संध्याकाळ झाली आहे. शेवटची बस येते. ड्रायव्हर म्हातारा आहे. मॅडमनी भुवई वर केली, पण थांबवलं नाही. मागच्या बाकावर एका मुलीनं शेजारणीकडं बघितलं.

"ही तुम्ही बसची गोष्ट सांगितली. हरकत नाही, होतो गोंधळ. मग शेवटची बस सांगा."

तो पुन्हा सुरू झाला. टोफूवाला गल्लीतून येतो. कर्णा वाजवतो.

आता खोलीत हसू फुटलं. मॅडमनी हात वर केला, हसू थांबलं. त्यांनी त्याला जपानीत विचारलं, अगदी साधं, की टोफू म्हणजे काय. त्यानं पुन्हा कर्ण्याचंच वाक्य म्हटलं. मग मराठीत विचारलं, "तुम्ही आत्ता जे बोललात त्यात छत्री कुठं आली?"

राजवर्धननं खिशातून झेरॉक्स काढली आणि त्यांच्या समोर ठेवली. "ह्यात हाय तसंच बोललो मॅडम."

त्यांनी पानं चाळली. मग टेबलावरच्या अर्जांतला एक उचलून शेजारी ठेवला आणि थोडा वेळ दोन्हीकडं बघितलं. संयोगितानं मागून ओळखलं, अर्ज तिचाच होता. अर्ज हातानं भरलेला होता. अक्षर एकच होतं.

"बसा," पानं परत देत मॅडम म्हणाल्या.

संयोगिता सातवी. मॅडमनी वाचनालयातल्या म्हाताऱ्याचीच गोष्ट विचारली. ती अडखळली, दोन शब्द विसरली, एका वाक्यात फिरून मागं आली. मॅडमनी जपानीत विचारलं, "तो रोज तेच पुस्तक का मागतो?"

संयोगितानं तुटक-तुटक उत्तर दिलं. पुस्तकात मागं नाव लिहायचा कागद आहे. त्यावर त्याच्या बायकोचं नाव आहे. तो पुस्तक वाचत नाही. नाव वाचतो.

मॅडमनी काहीतरी लिहिलं. मग मान वर न करता, हळू आवाजात, मराठीत म्हणाल्या, "तुमच्या घरी वह्या दोन आहेत ना?"

संयोगितानं पर्सची चेन ओढून लावली.

"माझं काम जपानी तपासायचं. ते तुम्हाला येतंय आणि त्याला येत नाही. तुमच्यासारखीला म्हाताऱ्या माणसांजवळ पाठवायचं का, हा रकाना ह्या फॉर्मवर नाही. असता तर मी वेळ घेतला असता. निकाल अकरा दिवसांनी."

परतीच्या एसटीत राजवर्धन पुढं बसला होता, ती मागं. त्यानं मोबाईल काढला, आणि दहा महिन्यांत पहिल्यांदा एक गोष्ट उघडून तिच्यावरचं चित्र बघितलं. मग दुसरी उघडली. मग तिसरी. कराड येईपर्यंत तो उघडत होता. मागं वळून एकदाही बघितलं नाही, त्यावरून तिला कळलं की त्याला कळलं.

स्टँडवरून राजवर्धन पुढं गेला, आणि संयोगिता घरी पोचली तेव्हा तात्या सगळं ऐकून अंगणात उभे होते. झेरॉक्स त्यांच्या हातात.

"ही वही कुणी दिली?"

राजवर्धन म्हणाला, "काकीनं."

अंजना बाहेर आली. हात पदराला पुसले. "मी दिली. पोरानं मागितली म्हणून दिली."

"एका गोष्टीच्या नावाखाली दुसरीच गोष्ट, असली खोटी वही दिली तू माझ्या पोराला? नऊ माणसांत हसं केलं त्येचं?"

"खोटी?" अंजनानं संयोगिताकडं बघितलं. एकदाच.

संयोगिताला एक वाक्य बोलायचं होतं. मी केलं, आईला ठाऊक नव्हतं. पण निकालाला अकरा दिवस होते. तात्यांनी केंद्राला एक अर्ज टाकला असता, पोरगी स्वतः कबूल झाली आहे असा, तर त्या रकाना नसलेल्या फॉर्मवर रकाना तयार झाला असता. तिनं वाक्य तोंडात धरलं. ते जपानी नव्हतं, तरी बाहेर आलं नाही.

"मला वाचाय कुठं येतंय तात्या, खरी का खोटी," अंजना म्हणाली. "चुकलं माझं."

"धाकट्यानं बरं केलं, लवकर गेला," तात्या म्हणाले. "आजपासनं विहिरीच्या पाळ्या मी लावणार. तीन दिवसांचं विसरा."

विहिरीच्या पाळ्या हाही केरबानंच घातलेला बांध होता, पण केरबाला बोलवायला त्या दिवशी कुणी गेलं नाही.

आत गेल्यावर अंजनानं परात ओढली. खूप वेळ पीठ मळत राहिली. मग म्हणाली, "नावं सरकवलीस व्हय गं? तुझ्या आज्याच्या गट नंबरासारखी?"

"व्हय."

"मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तू दिली असतीस?"

"न्हाई."

"म्हणून."

अंजनानं भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली. "तीनदा बजावलंस. मला वाटलं पोर माझ्यावर विश्वास टाकती." मग ताट सरकवलं. "जेव. आणि जाईस्तोवर माझ्यासंगं गोड बोलू नको. मला सोसायचं न्हाई."

अकरा दिवसांनी पत्र आलं. जागा संयोगिताला मिळाली.

आता कुणी काय भरलं ते. नीलिमा मॅडमनी काही भरलं नाही, त्यांचा फॉर्म नियमानुसार पूर्ण होता. केरबाचा एक चहा झाला आणि एक बांध मोडला. बांध त्याच्या लक्षात आहे. राजवर्धननं आठ महिने घालवले असं तो म्हणतो, पण ते त्यानं घालवलेच नव्हते, पान्यांनी घालवले. तो पुन्हा शिरवळला लागला आहे आणि चौकात त्याला विचारायला आता लोकांकडं उत्तरासकट प्रश्न आहे. तात्यांनी एक वर्षाची वर्गणी भरली आणि तीही ते दर सणाला बोलून वसूल करतात. संयोगिताला खोली मिळाली आणि किल्लीही. रविवारी ती फोन करते, आई उचलते, ऊस बरा आहे म्हणते आणि ठेवते. एवढा तिचा हिस्सा.

बाकी सगळं अंजनानं भरलं. तीन दिवसांचं पाणी दीड दिवसावर आलं. वाकुऱ्याच्या शेवटाला, पाणी पोचत नाही तिथला ऊस काढून तिनं तिथं हरभरा टाकला. थोरल्या घरच्या बारशाला तिला बोलावणं आलं नाही, आणि गावात ती पुतण्याला खोटी वही देणारी बाई झाली. एकशे चारांतली एकही गोष्ट तिनं वाचली नव्हती.